आठ वेळा बिघडलेला टीव्ही

प्रिय भिंगरी,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. फोनवर सांगायला घेतलं की मधेच कुकरची शिट्टी होते, नाहीतर तुझी बस येते, आणि मी सांगायचं ते सोडून भलतंच सांगत बसते. म्हणून वही घेतली. माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही अर्ध्यावर सोडलेलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला हसायचं नाही. आधी आनंदाची बातमी देते. आपला टीव्ही चालू झाला. आणि कुणी केला, विचार. मी केला. तुझ्या आजीने. फ्यूज उडाला होता. काचेची एवढीशी नळी असते, आत केसाएवढी तार, ती पार काळी पडली होती. समोरच्या रेडिओवाल्याला दाखवून तेवढ्याच अंकाची दुसरी आणली, बसवली, एक सैल वायर दाबली, आणि प्लग थेट घातला नाही. आजोबा करायचे तसा मधे बल्ब जोडून घातला. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच ओढून काढायचं. लख्ख होऊन मंद झाला तर सगळं ठीक. तो मंद झाला ग, आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई धावत खाली आल्या. म्हणाल्या, आजी, या वयात विजेशी खेळ कसला मांडलाय. म्हटलं, पन्नास वर्षं टीव्हीवाल्याशेजारी बांधलेली आहे, वाण नाही पण गुण लागायचाच. मग आम्ही दोघी बातम्या बघत बसलो. बातम्या नेहमीसारख्याच होत्या, पण चित्र काय स्वच्छ.

आता तुझं. मागच्या रविवारी तू म्हणालीस, बाबाने आजोबांना अडगळीच्या सामानासारखं म्हाताऱ्यांच्या त्या संस्थेत नेऊन टाकलं, मी त्याच्याशी जन्मात बोलणार नाही. दोन महिने झाले, तू त्याचा फोन उचलत नाहीस. तुला एक ठाऊक नाही. तू मला फोन करतेस तेव्हा रविवारी तो इथेच असतो. मी स्पीकर लावते आणि तो भिंतीला टेकून तुझा आवाज ऐकत उभा राहतो. तू त्याला शिव्या दिल्यास त्याही त्याने उभ्यानेच ऐकल्या. मग म्हणाला, खोकला झालेला दिसतोय तिला, आई, वाफ घ्यायला सांग. म्हणून मी वाफेचं सांगितलं होतं. तर तुला काय सांगायचंय ते त्याच्याबद्दलच आहे, पण मला सरळ सांगता येत नाही. गुंता झालेला दोरा मी टोकापासूनच सोडवते, तशीच सांगते.

तू शिकायला गेलीस तेव्हा आजोबा फक्त चष्मा विसरायचे. मग रस्ता विसरायला लागले, मग मला. मला बाई म्हणायचे, अहो-जाहो करायचे. एकदा चहाचा घोट घेऊन म्हणाले, बाई, चहा झकास झालाय, आमच्या हिलाही असाच जमतो, ती बाजारातून आली की गाठ घालून देतो. पन्नास वर्षांत माझ्या चहाला कधी झकास म्हटलं नव्हतं, ते असं म्हटलं. हसू का रडू. मी म्हटलं, थांबते हो त्या येईपर्यंत. आणि खरंच समोर बसून राहिले, जणू मीपण माझी वाट बघतेय.

त्याच दिवसांत टीव्ही गेला. लाल दिवा लुकलुकायचा, आतून टिक, टिक, टिक असा आवाज यायचा आणि चित्र काही नाही. तुझा बाबा म्हणाला, दहा वर्षं झाली आई, पुरे झाली त्याची सेवा, नवा आणतो. आजोबा खुर्चीत डोळे मिटून होते. ते मान वर करून ऐकायला लागले, जसा वैद्य नाडी ऐकतो. म्हणाले, बिचारा उठायला बघतोय, उठवत नाहीये त्याला. सप्लाय गेलाय. सहा महिन्यांत त्यांनी काहीच असं अचूक ओळखलं नव्हतं. मी कपाटावरची हत्यारांची पेटी काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवली. बाबा म्हणाला, आई, वीज आहे ती. म्हटलं, तू ऑफिसला जा.

काय काम केलं ग त्यांनी. टीव्ही गादीवर पालथा घातला, मागचे चौदा स्क्रू काढले आणि ताटलीत ज्या जागचा त्या जागी मांडून ठेवले, म्हणजे परत लावताना शोधायला नको. आत एक मोठा कंडेन्सर असतो, डबीएवढा. प्लग काढला तरी तो वीज पोटात धरून बसतो, रुसलेल्या माणसासारखा. त्याच्या पायांना बल्बच्या दोन वायरी टेकवल्या, बल्ब क्षणभर पेटून विझला, म्हणजे त्याचा राग गेला. तोवर आत बोट घालायचं नाही. आणि डावा हात खिशात. हे सगळ्यात महत्त्वाचं. एका हाताला झटका बसला तर तो हातापुरता, पण दोन्ही हात आत असले तर वीज एका हातातून शिरते आणि छातीतून दुसऱ्या हाताने बाहेर पडते. म्हणून तुझ्या आजोबांनी जन्मभर एकहाती काम केलं. त्यांच्या सगळ्या विजारींचे डावे खिसे आधी फाटायचे. मी इतकी ठिगळं लावली आहेत की शिंपी म्हणायचा, वहिनी, ह्यांना एकाच खिशाची विजार शिवून देतो. तर त्या दिवशी त्यांना काही आठवत नव्हतं, पण हात आपला आपण खिशात गेला.

दोन बारके कंडेन्सर फुगले होते. त्यांचा माथा सपाट हवा, तो गाल फुगवल्यासारखा वर आला होता. मी विजेरी धरून बघत होते, तर आवाज आला, असिस्टंट, बत्ती इकडे धर, लक्ष कुठाय, लग्नाला आलीयस का. भिंगरी, मला असिस्टंट म्हणणारं जगात एकच माणूस आहे. ह्यांचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान नवीन होतं तेव्हा नोकर ठेवायची ऐपत नव्हती, तर मीच बत्ती धरायची. मी म्हटलं, लग्नाला नाही आले, लग्न झालंय, तुमच्याशीच. वर न बघता म्हणाले, ठाऊक आहे, शिक्षा भोगतोय. आणि तापल्या कथलाचा डाग दिला. रेडिओवाल्याकडून आणलेले नवे कंडेन्सर बसवताना उणे खुणेची पट्टी मला दोनदा दाखवली, उलटा बसला तर फुटतो म्हणून. टीव्ही चालू झाला. संध्याकाळपर्यंत ते माझे होते. तुझी चौकशी केली. म्हणाले, भिंगरी हल्ली दिसत नाही, रागावलीय का माझ्यावर. पान्याने पाठ खाजवली, मी ओरडले, ते हसले. माझ्यासाठी तो सणच होता.

सकाळी उठून म्हणाले, बाई, तुम्ही कोणाकडे आलात.

पुढचं वाचताना खाली बस. तिसऱ्या दिवशी ते आंघोळीला गेले होते तेव्हा मी प्लग काढला, मागचं झाकण उघडलं, आणि सप्लायपासून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या भागापासून, मोठ्या बोर्डाकडे जाणारी वायरींची पट्टी होती ती अर्धी उपटून ठेवली. झाकण लावलं. आजोबा बाहेर आले, टीव्ही लावला, चित्र नाही. मी म्हटलं, अहो, सेट गेला बघा. हात पुसतच पेटीकडे गेले. तासाभरात म्हणाले, असिस्टंट, बत्ती. मी किती खूश झाले म्हणून सांगू. शाळेत चोरी केलेल्या मुलीसारखी मान खाली घालून बत्ती धरली, पण खूश होते. पुढे दर चार-पाच दिवसांनी मी ते करायला लागले. झाकण सारखं उघडायचं म्हणून चौदा स्क्रूंचे चारच ठेवले. तुझ्या बाबाला सांगितलं, बघ, ह्यांची तब्येत सुधारतेय, मशीन उघडलं की मला ओळखतात. तोही हरखला. त्याने तुलाही फोनवर सांगितलं असेल, आजोबा परत आले म्हणून.

पण प्रत्येक वेळी त्यांना जास्त वेळ लागत होता. आधी तास, मग दोन तास. पाचव्या वेळी चारच स्क्रू असूनही ते ताटलीकडे बघत बसले, कुठला कुठे ते कळेना. सहाव्या वेळी असिस्टंट म्हणाले ते संध्याकाळी, तेही एकदाच. मला दिसत होतं ग. दिसत होतं, पण मी बघत नव्हते. त्या एका हाकेसाठी मी पूर्ण दिवस त्या माणसाला त्या मशीनपुढे बसवून ठेवत होते.

आठव्या वेळी दुपारी त्यांनी झाकण काढलं आणि मी दूध उतू जाईल म्हणून आत गेले. प्लग मी काढून ठेवला होता, तो त्यांनी परत घातला. मी बाहेर आले तर त्यांचे दोन्ही हात आत. डावा हात पत्र्याच्या चौकटीवर, उजव्यात स्क्रूड्रायव्हर. पन्नास वर्षांत मी त्यांचे दोन्ही हात कधी मशीनमध्ये बघितले नव्हते. मी बटणाकडे धावले, तोवर ठिणगी उडाली आणि ते मागे उशीवर पडले. दोन बोटं भाजली, फ्यूज गेला, जीव राहिला. लहान मुलासारखे रडायला लागले. मला म्हणाले, बाई, मला काहीतरी चावलं, आमच्या हिला बोलवा ना. मी त्यांची बोटं पाण्यात धरून बसले आणि हिला बोलवते म्हणत राहिले.

संध्याकाळी तुझा बाबा आला. मी त्याला म्हटलं, ह्यांनी आपणहून उघडला. आणि त्याच बैठकीत म्हटलं, ह्यांच्यासाठी जागा बघ. तो नाही म्हणाला, भिंगरी. म्हणाला, हत्यारं मी घेऊन जातो, रजा काढतो, नाहीतर दोघंही माझ्याकडे या. रडला तो. मी ऐकलं नाही. कारण ते कुठेही राहिले असते तरी सोबत मीच असणार होते, आणि मी ते परत केलं असतं. टीव्ही काढून टाकला असता तर मी मिक्सर बिघडवला असता, इस्त्री बिघडवली असती. धोका त्यांच्या विसरण्याचा नव्हता, माझ्या हावेचा होता. तिथे मी दर गुरुवारी जाते, तासभर बसते. मला बाई म्हणतात, आणि मी बाई होऊन बसते. तिथे माझ्या हाताशी बिघडवण्यासारखं काही नाही. तू पहिल्यांदा फोनवर भांडलीस तेव्हा बाबा म्हणाला, मीच ठरवलं. माझ्यावर तुझा राग यायला नको म्हणून तो मधे उभा राहिला, आणि मी त्याला उभं राहू दिलं. दोन महिने तुझी माया घेतली आणि तुझा राग त्याच्याकडे जाऊ दिला. वायर मीच काढत होते हे त्याला अजून ठाऊक नाही. या रविवारी तो आला की सांगणार आहे. हे पत्र शुक्रवारपर्यंत तुला मिळेल असा हिशोब धरलाय. ऐकल्यावर त्या दिवशी त्याला कुणाशीतरी बोलावंसं वाटेल, आणि ते माझ्याशी नसेल. माझ्याशी तू बोल नाहीतर बोलू नकोस, ते मी सोसेन. पण रविवारी त्याचा फोन आला तर उचल.

तुझीच, अजून तुझी राहू दिलीस तर,
आजी