बाबांच्या चित्रातला लाल चौकोन

१२ नोव्हेंबर, बुधवार
लकवा झाल्यापासून बाबा बोलत नाहीत, खाटेवर पडून डाव्या हाताने चित्रं काढतात. रोज तेच. पांढरा कागद, मधोमध उभी काळी रेघ, डावीकडे निळा चौकोन. उजवीकडे काही नाही. दादाचा फोन: "एकटी कितीक दिवस करशील? मी त्यायले नागपूरले नेतो. रविवारी गाडी घेऊन येतो." बाबांना काय हवंय? विचारलं, तर रेघेवर बोट. मी शाळेत ड्रॉइंग शिकवते. एका रेघेचा अर्थ लागत नाही, पगार मात्र घेते!

१३ नोव्हें., गुरु.
कालचं चित्र शाळेत नेलं. मुलांना सांगितलं, निळा रंग मागे सरतो, रिकाम्या जागेलाही वजन असतं. बोलता बोलता ब्रश उचलला. मुलांच्या वह्यांत करते तशी दुरुस्ती. चित्राचा तोल जात होता, म्हणून उजवीकडे खाली छोटा लाल चौकोन काढला. चित्र वर्गातच टांगून आले. घरी आल्यावर वाईट वाटलं. त्यांच्या चित्रात हात घालणारी मी कोण?

१४, शुक्र.
बाबांच्या आजच्या कागदावर लाल चौकोन. उजवीकडे खाली. तेवढाच. माझा तर वर्गात आहे, त्यांनी पाहिलेलाही नाही. त्यांच्या डब्यात लाल रंगच नाही. नखाने खरवडलं. कुंकू. आईच्या करंड्यातलं, ती गेल्यापासून वरच्या फळीवर असतो त्यातलं. दिवसभर त्यांच्याजवळ असते ती शांताबाई म्हणाली, "ताई, म्या करंड्याले हात बी नाई लावला. बाबूजी तं खाटेवरून उठलेच नाई." भीती वाटली. कशाला खोटं लिहू.

१५, शनि.
रेघ आता मधोमध नाही. उजवीकडे सरकलीये, लाल चौकोन पार कडेला दाबला गेलाय. निळा मोठा झालाय. मागे सरत नाही, अंगावर येतो.
"बाबा, हा लाल म्हणजे मी?" डोळे मिटले.
"दादाकडे जायचंय का?" उघडले नाहीत.
मी त्यांना अडकवून ठेवलंय, की त्यांनी मला...

१६, रवि.
दादा आला. "बाबा, येता ना नागपूरले?" बाबांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. डावा हात उचलून माझ्यासमोर हवेत चार रेघा ओढल्या. वर, आडवी, खाली, आडवी. मला मधे घेऊन. मग बोट माझ्यावर रोखलं.
दादा: "पाह्य, तुह्याजवळच राहाचं म्हणून राह्यले."
मला तसं वाटलं नाही. तो चौकोन होता, आणि आत मी.
"आता तूच ठरव," म्हणून तो बाहेर गाडी सुरू करून बसलाय. बाबांची बॅग दारात आहे. त्यांचा हात अजून खाली आलेला नाही.