धुण्याच्या दगडापर्यंत नदी

३ फेब्रुवारी
सांगणारी मी, लिहिणारे आमचे हे. मला अक्षर येत नाही, ह्यांना बोलायचा कंटाळा — पन्नास वर्षांचा संसार असाच निभावला. मी सांगेन तेच लिहायचं, मधे शहाणपणा करायचा नाही.

निमित्त नकाशावालीचं. नदी पूर्वी कुठून वाहायची, पाणी कुठवर चढायचं, त्याचा नकाशा करायला आलेली पोर. म्हणाली, आजी, आठवेल ते रोज लिहून घ्या. मला काय आठवतं हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. डोळे भरून आले. कांदा चिरत होते, म्हणून निभावलं.

५ फेब्रुवारी
तिनं आरपार दिसणारे तीन कागद एकावर एक ठेवले. आकाशातून काढलेल्या फोटोंवरून गिरवलेली नदी — तीन काळांतली, तीन रंगांत. झोपेत कूस बदलावी तशी दर वेळी पलीकडच्या काठाकडे सरकलेली! मागे नुसता गाळ आणि गवत.

पण मोठा पूर सगळ्यात जुन्या फोटोच्याही आधीचा. तो फक्त म्हाताऱ्यांच्या डोक्यात. म्हणजे माझ्या. हे धरले तर दीड डोक्यात.

६ फेब्रुवारी
आज तिला दगडाचं सांगितलं. माझा धुण्याचा दगड आधी पार नदीकाठी होता. धाकट्याच्या वेळी सातव्या महिन्यात ओलं धुणं घेऊन चढ चढताना पडले. मग बाळंतपणाला माहेरी गेले, तेव्हाच मोठा पूर आला. तान्ह्याला घेऊन परतले, तर दगड घरामागे, परसात. हे म्हणाले, पुरानं आणून टाकला. एवढा थोरला दगड, चार माणसांना उचलवत नाही. नदीनं मला पडताना पाहिलं असणार. चाळीस वर्षं झाली, धुवायला बसले की मनात म्हणते, बाई, तुझे उपकार.

नकाशावालीनं दगड चहूबाजूंनी मोजला. फितीचं दुसरं टोक ह्यांनी धरलं.

९ फेब्रुवारी
धाकटी सून म्हणते, वहीत सहा तारखेपासून अक्षर बिघडलंय. चष्मा बदला म्हटलं.

१२ फेब्रुवारी
घात झाला. कच्चा नकाशा आला. असला दगड वाहून नेणारं पाणी म्हणजे ओढ भयंकर, म्हणून पूररेषा थेट आमच्या परसापर्यंत. धाकट्याचा प्लॉट दगड आणि नदी यांच्या मधोमध. विटा उतरल्यात, आणि आता बांधायची परवानगी मिळायची नाही.

धाकटा ओरडला नाही. नुसता म्हणाला, "आई, दगडाचं सांगायला नको होतंस." सून भांडी जरा जोरातच घासत होती. म्हटलं, भांड्यांनी काय केलंय, मला घास. हसली बिचारी. भाड्याच्या दोन खोल्यांत सात वर्षं काढलीत, तरी हसली. मला माणसं फार चांगली मिळाली.

पण खोटं कसं बोलू? दगड आणणारं पाणी उद्या नातवंडांच्या अंथरुणाशी येईल. वाहून जाण्यापेक्षा रुसलेली बरी.

१५ फेब्रुवारी
नकाशावालीनं गिरमिट फिरवून पाच ठिकाणी जमीन खोल पोखरली. वर आलेली माती थराथरानं फळीवर मांडली. नदीकाठी त्या पुराची वाळू, वीतभर. प्लॉटवर चिमूटभरही नाही. दगडापाशी नुसती घरची राख आणि कौलाचे तुकडे.

"आजी, पाणी आलंच नाही, तर दगड आला कसा?"

नदीला विचार म्हटलं. ती म्हणाली, उत्तर मिळेपर्यंत रेषा हलवणार नाही, तिथं माणसं राहायची आहेत. धाकट्याचं तोंड उतरलं. मला मात्र पोर आवडली. नातवंडांसाठी इतकं कोण भांडतं?

१६ फेब्रुवारी
सकाळी वही उघडली आणि ह्यांनी पेन खाली ठेवलं.

"दगड मी आणला."

पुराच्या भीतीनं अख्खी गल्ली, सासूबाईंसकट, वरच्या शाळेत राहायला गेलेली. हे एकटे घर राखायला मागे. रोज पाण्याच्या कडेला काठी रोवून बघायचे. पाणी काठावरच्या दगडाच्या वर दहा पावलं आलं आणि परत फिरलं. मग गल्ली परतायच्या आत, ओंडक्यांवरून, पहारीनं रेटत, चार दिवसांत दगड परसात.

का, विचारलं.

"तू परत पडली असतीस."

मग सांगितलं का नाही?

"बायकोसाठी दगड ओढला म्हणून आई हसली असती. गल्ली हसली असती. पुराला कोण हसतं?"

म्हणजे माझे उपकार चाळीस वर्षं चुकीच्या पत्त्यावर जात होते.

नकाशावालीचं ऑफिस दहाला उघडतं. हे सातपासून चपला घालून बसलेत. ही ओळसुद्धा तसेच बसून लिहितायत.