रॉकफिश, गोल गळ आणि चर्चची पळी

३ एप्रिल, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मी सांगते, लिहिते माझी लेक. इडेला तिचं नाव. मला वाचता येत नाही आणि दुसऱ्या कुणाला मी वाचू देणार नाही. इतकी खासगी वही अख्ख्या काउंटीत नसेल.

कारण सांगते. बावीस तारखेला चर्चचा वाढदिवस. त्या दिवशी रॉकफिशचा रस्सा होतो. शहरवाले त्याला स्ट्राइप्ड बास म्हणतात. म्हणू देत, अंगावरचे पट्टे तेच. ज्याच्या घरचा मासा, त्याच्या घरच्या हाती चर्चची पळी, म्हणजे रस्साही त्यांनीच करायचा, हा आमच्याकडचा नियम. मासा माझा नवरा आणायचा, म्हणून पळी कायम माझ्या हातात. तो गेल्या हिवाळ्यात गेला. परवा सिस्टर वर्डेल (आमच्या चर्चमध्ये सगळ्याच बायका सिस्टर) भर चर्चमध्ये उठून म्हणाली, सिस्टर लुवेनियाला, म्हणजे मला, आता कशाला दगदग, यंदा मी बघते. कसला तो गोड आवाज. काकवीत बुडालेली माशी.

मी म्हटलं, मासा मी स्वतः धरीन. सगळे हसले. रेव्हरंड खोकले, पण मला खोकला ओळखता येतो.

वर्डेलला रश्श्यातलं काय कळतं? मासा पातेल्यात पडला की ढवळायचं नाही, तुकडे मोडतात. एवढं साधं. पण लोकांना हात आवरत नाही.

५ एप्रिल, गुरुवार
धाकटा दीर एनोक सामान घेऊन आला. पेटी एवढी मोठी की मला वाटलं कुणी वारलं. रॉड, रिळं, चार जाडीचे तंगूस, शिशाचे गोळे. शिवाय आमिषाला जिवंत हेरिंग, गोल टाकीत. म्हणाला, वहिनी, ह्यांना गोल टाकीच लागते, गार पाणी आणि चिमूटभर मीठ. मी म्हटलं, मासे आहेत की पाहुणे? माझ्या धुण्याच्या चौकोनी टबात नळाखाली सोडले. ऐसपैस.

६ एप्रिल, शुक्रवार
हेरिंग मेले. सगळे. नाकं लाल. एनोक म्हणतो कोपऱ्यांवर आपटून आपटून, आणि उरलेले नळाच्या पाण्यातल्या औषधाने. मला विचाराल तर जातच नाजूक. तळून ग्रिट्सबरोबर, म्हणजे मक्याच्या शिजवलेल्या कण्यांबरोबर, खाल्ले. काटेच काटे.

१० एप्रिल, मंगळवार
एनोकने नवे हेरिंग आणले, कालव्यावर गेलो. दोन सरोवरांमधला कालवा, ह्या दिवसांत हेरिंग वर चढतात आणि रॉकफिश त्यांच्या मागे. एनोकने गळ दाखवला. टोक आत वळलेलं. स्वतःचीच लाज वाटणारा गळ मी पहिल्यांदा पाहिला. म्हणाला, वहिनी, हा गोल गळ. झटका द्यायचा नाही. रॉड खोबणीत उभा करायचा आणि हात लावायचा नाही. मासा आमिष घेऊन वळला की गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मग नुसतं रीळ फिरवायचं.

आपोआप, म्हणे. मी परकर नेसायला लागले तेव्हापासून कॅटफिश झटक्याने काढतेय.

ओढ लागली. झटका दिला. हेरिंग उडून एनोकच्या टोपीत. पुन्हा ओढ, पुन्हा टोपी. मासे बावळट आहेत, तोंड नीट मिटत नाहीत.

१२ एप्रिल, गुरुवार
एनोकला न सांगता एकटी गेले. बांबूची काठी, साधा गळ, कोंबडीची कलेजी. असंच हवं. एक कॅटफिश मिळाला, माझ्या चपलेएवढा. रॉकफिश नाही. वारा पूर्वेचा होता.

१४ एप्रिल, शनिवार
एनोक म्हणाला, वहिनी, हात मांडीखाली घेऊन बसा. बसले. माझ्या वयाच्या बाईला असं बसवतात का? तेवढ्यात रॉड पाण्यापर्यंत वाकला. शेपूट दिसली, फावड्याएवढी, पट्टे लख्ख. एनोक ओरडला, नको वहिनी. हात आपोआप निघाला. झटका. तंगूस सैल.

एनोक हेरिंगची टाकी आवरायला लागला. तेच जास्त लागलं. मी रॉड त्याच्या अंगावर टाकला. म्हटलं, हा रॉड ज्याला द्यायचा त्याला दे. सामानच सदोष.

इडेला मला विचारते, हात आपोआप निघाला असंच लिहू? लिही.

१७ एप्रिल, मंगळवार
कालव्यावर कोण दिसावं? वर्डेल. खुर्ची, पांढरे हातमोजे, मांडीवर भजनांचं पुस्तक. शेजारी खोबणीत एनोकचा रॉड. म्हणाली, सिस्टर लुवेनिया, मला बाई ह्याला हात लावायचीच भीती वाटते. घरी येईपर्यंत हसले. पळीची काळजी मिटली. उद्यापासून मी नव्या जोमाने.

२० एप्रिल, शुक्रवार
तीन दिवस नवा जोम. काही नाही. पाणी गढूळ.

२१ एप्रिल, शनिवार
वर्डेलला मासा मिळाला. तिच्या पायाएवढा लांब. एनोक सांगत होता, रॉड वाकला तशी ती किंचाळून खुर्चीमागे लपली. हात लावलाच नाही. गळ जबड्याच्या कोपऱ्यात अगदी चोख बसला. मग त्याने सांगितलं तसं डोळे मिटून रीळ फिरवलं.

म्हणजे तिने काहीच केलं नाही. काही न करण्यात कसली आली कला?

इडेला लिहायची थांबली. म्हटलं, लिही गं.

२२ एप्रिल, रविवार
पळी स्वच्छ कपड्यात गुंडाळून वर्डेलला दिली. नियम तो नियम. तशीही माझ्या खांद्यात कळ येते. ती म्हणाली, सिस्टर, जवळ बसा, मला काही येत नाही. बसले. बेकन, कांदे, बटाटे, टोमॅटो, सगळं माझ्या तोंडून. मासा पातेल्यात पडला आणि माझा हात पळीकडे गेला. का गेला, माहीत नाही. मांडीखाली घेतला.

वर्डेलला म्हटलं, आता हात लावायचा नाही.

ती म्हणाली, ते मला जमतं.

एनोक टोपीत तोंड घालून खोकत होता. एक तुकडा मोडला नाही. मीठ कमी आहे का ते बघायला मी तीन वाट्या घेतल्या.