मावशींचा हात सुटला

३ जून
शेवटी खोटं लिहिलंच. मलकापूरच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू झाले. फॉर्मवर 'जुना आजार?' — पुढे 'नाही'. कमरेची गादी सरकलीय, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षापासून. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, वजन उचलायचं नाही. नर्सनं वजन उचलायचं नाही!
आई म्हणाली, "कोणाले सांगू नको, समता. उभी तं राह्यतं ना तू?"
राहते.

११ जून
पुरुष वॉर्ड. दुपारपर्यंत डावा पाय बधिर होतो. औषधांच्या खोलीत जाऊन भिंतीला टेकते. इथल्या जुन्या आया महामाया मावशी रोज म्हणतात, "राहू द्या सिस्टर, मी पलटवतो पेशंटले." मी राहू देते. त्या पन्नाशीच्या, मी चोवीसची. लाज वाटते.

१९ जून
लिहवत नाही.

२० जून
लिहितेच.
काल कचरूआजांना पलंगावरून खुर्चीत घेत होतो. खुब्याचं ऑपरेशन झालेला म्हातारा माणूस. एका बाजूनं मावशी, एका बाजूनं मी. कमरेत कळ आली — माझा हात सुटला. एकट्या मावशींना पेलवलं नाही. आजा पडले. मनगट मोडलं.
त्यांचा मुलगा अविनाश ओरडत आला. "कोणं सोडलं माह्या बापाले?"
डॉक्टरांनीही तेच विचारलं.
मी म्हणाले, "मावशींचा हात सुटला."
किती पटकन म्हणाले! मावशी माझ्याकडे पाहतच राहिल्या. काही बोलणार, तोच डॉक्टर म्हणाले, "बस्स. घरी जा तुम्ही."

२३ जून
मावशींना कामावरून काढलं.

२७ जून
आजांचा उजवा हात प्लास्टरमध्ये. मी भरवते.
"थे बाई कुठी गेली वं? चहात टोस बुडवून देत होती मले."
मी टोस बुडवला. त्यांनी खाल्ला. वर मलाच म्हणाले, "भली पोरगी आहेस."
बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले.

१ जुलै
आज मेट्रन शैलजा सिस्टरना सगळं सांगितलं. कमरेचं, फॉर्मचं, हाताचं. वाटलं, ओरडतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तुला वॉर्डात ठेवता येणार नाही. पुढचं डॉक्टर ठरवतील." मग म्हणाल्या, "महामायाला उद्यापासून बोलावते."
वडनेरला घरी येऊन आईलाही सांगितलं. ती अजून माझ्याशी बोललेली नाही. तरी आज पोटभर जेवले. मावशी परत येणार!

४ जुलै
मावशी कामावर गेल्याच नाहीत. म्हणून त्यांच्या घरी गेले, पाया पडायला वाकले. त्यांनी मला धरून पाटावर बसवलं — "वाकू नको वं, कमर दुखंन."
मग म्हणाल्या, "तुह्यावर राग नाही पोरी. तू तं पंधरा दिवसांची होती तिथं. त्यायनं मले वीस वर्सं पाह्यलं. एक शब्द इचारला नाही. आता नाही जात मी."