मामाच्या पत्रिकेवरचं वेल्व्हेट

ती. किसनराव यांस,

बाभुळगावहून तुमच्या धाकट्या बहिणीचा नवरा गुणवंत याचा नमस्कार. इकडे सारे बरे आहेत. पुसदच्या थंडीत तुमचा गुडघा कसा वागतो ते कळवावं. (उज्ज्वला तिळाचं तेल पाठवणार आहे.)

"बिननावाच्या पत्रिकेवर मी काहून येऊ?" हा तुमचा निरोप मिळाला. राग रास्त आहे. पण मामाच आला नाही तर दिपालीला बोहल्यावर आणायचं कोणी? म्हणून आधी पत्रिकेची हकीकत ऐका. दोष माझा कमी आणि कागदाचा जास्त आहे.

यवतमाळच्या छापखान्यात मी साधी पत्रिका सांगायला गेलो होतो. मालकीण नयनताईंनी नमुने मांडले आणि मी तिथेच हरवलो. ग्लॉस म्हणजे चकचकीत, त्यात आपलं तोंड दिसतं. (माझं दिसलं, म्हणून मी तो नमुना बाजूला सारला.) मॅट म्हणजे बिनचमकेचा, दुपारच्या ओसरीसारखा शांत. स्पॉट यूव्हीत सारी पत्रिका मंद असते आणि गणपती तेवढा आताच न्हाऊन आल्यासारखा चमकतो. फॉइल म्हणजे गरम ठशानं दाबून बसवलेला सोनेरी वर्ख. शेवटी त्यांनी वेल्व्हेट पुढं केलं. कागदावर मऊ पापुद्रा चढवलेला असतो. मी त्यावर बोट फिरवलं आणि मला दोन महिन्यांच्या दिपालीची टाळू आठवली. अंगणात खाट, खाटेवर ती, वर निंबाची सावली, आणि मी माशा हाकतोय. किती वेळ गेला ठाऊक नाही. भानावर आलो तेव्हा तीनशे पत्रिकांची ऑर्डर देऊन झाली होती.

मधल्या काळात नयनताई विचारत होत्या म्हणे, "काका, नाव लिहाले जागा कोरी सोडू का? या कोटिंगवर पेन चालत नाही." मी म्हणालो, काही सोडू नका. (तेव्हा मी अंगणात होतो.)

पत्रिका घरी आल्या. उज्ज्वलेनं रिवाजाप्रमाणे कळंबच्या चिंतामणीची पहिली पत्रिका घेऊन चार कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं, तर ते घरंगळून तिच्या पदरात. "हयद ठयरूनच नाही राह्यली. कायले आणलं हे?" असं म्हणून ती अंगणात जाऊन पदर झटकू लागली. मग मी पेनानं नावं लिहायला बसलो. लिहावं, अंगठा लागावा, आणि पाहुणा नाहीसा व्हावा. संध्याकाळपर्यंत अर्धे सोयरे माझ्या बाहीवर आले होते. तुमचंही नाव असंच वाटेत पुसलं गेलं असणार. कागदाला माफ करा.

आपला,
गुणवंत

ता. क. नयनताईंनी मग न पुसणारा मार्कर दिला. सगळी नावं त्यानंच लिहिली, एकही पुसलं गेलं नाही. वरचं पत्र लिहिताना हे ध्यानात राहिलं नाही.

ता. क. दुसरा. उज्ज्वलेला सांगू नका. दिपालीच्या साखरपुड्याला, साक्षगंधात, चार लोकांत तुम्ही म्हणालात, "याले काम नोका सांगू, हा जागेपणी झोपते." ते मला लागलं. तुमच्या पत्रिकेवर मी नाव लिहिलंच नव्हतं. चुकलो. सोबत दुसरी पत्रिका आहे, तिच्यावर तुमचं नाव त्याच मार्करनं लिहिलंय. दिपाली रोज विचारते, मामाचं काय झालं? मी तिला कागदाचं सांगत आलोय. पोर खरं मानते आणि कागदावर चिडते, ते मला पाहवत नाही. या.