सोनी माझ्याकडे वळते

२ जून
आले एकदाची दुबईला! सिलिकॉन ओएसिसमधल्या प्रयोगशाळेत रोपं सांभाळायची नोकरी. बाहेर सेहेचाळीस डिग्री, लोक हाशहुश करतात. मी चंद्रपूरची, मला हसू येतं. माझी ड्युटी मात्र थंडगार खोलीत. तिथे उत्तर ध्रुवाजवळच्या एका बेटावरची पिवळी रानफुलं आहेत. बेटावर आता एकही उरलेलं नाही, जगात ही शेवटचीच. शास्त्रीय नाव घेताना जिभेला गाठ पडते, म्हणून मी सोनी म्हणते. ब्रशने पराग लावायचे, बी धरेपर्यंत जपायचं. आमच्या स्मिता मॅडम म्हणाल्या, बी आलं की गंगेत घोडं न्हालं.

५ जून
बेटावर ही फुलं दिवसभर सूर्याकडे तोंड फिरवायची म्हणे. इथे दिवे छताला आहेत, तरी सोनी माझ्याकडे वळते. मी डावीकडे गेले की तीही डावीकडे. लाडाची लेकच जशी! पराग लावून झाले.

१३ जून
भर दुपारी बसस्टॉपवर उन्हात उभी होते आणि दात वाजत होते. मॅडम म्हणाल्या, एसी बाधला असेल, तुझ्या आधीच्या परेशलाही बाधला होता, अजून हॉस्पिटलात आहे. हे मला आज सांगतात!

१९ जून
सोनी उबेकडे वळते की काय, म्हणून खोलीत गरम पाण्याची पिशवी ठेवून पाहिली. सोनीने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मी पाऊल टाकलं आणि सगळ्या माना गर्रकन वळल्या. तिला जिवंत ऊब लागते. भीती वाटली, खूप वाटली. मग संताप आला. शेंगा अजून हिरव्या आहेत, मी पळाले तर हे फूल जगातून गेलं. घे किती घेतेस ती. मे महिन्यात चंद्रपूरच्या पत्र्याखाली वाढलेय मी, तुला पुरून उरेन.

२६ जून
नखं निळी. उकळता चहाही तोंडाला पोळत नाही. उद्यापासून मदतीला दिया येणार — कॉलेजची पोर, इथेच वाढलेली. फोन करून बजावलं, आत येऊ नकोस. ती हसली. म्हणाली, रिलॅक्स ताई, इट्स जस्ट अ फ्लॉवर.

२७ जून, सकाळ
शेंगा तडकल्या! बी रुमालात बांधून मॅडमच्या टेबलावर ठेवलं. वाचलं फूल. पण देठांशी नव्या कळ्या — भुकेल्या. दियाला देणार नाही. परत आत आलेय. तुझी लेकरं जगवली सोनी, आता तू चल बाहेर, आमचं ऊन बघ. खलास.

कुंडी उचलवत नाही. बोटं —

एकही फूल माझ्याकडे बघत नाही. त्या पिशवीकडे नव्हतं बघितलं, तसंच.

माना सगळ्या दाराकडे.

दिया आलीय. ताई, ताई करतेय — ढकलतेय —

दाराला पाठ लावून बसले. नाही उघडू देणार.

इकडे बघ, सोनी. माझ्याकडे. आहे अजून थोडी ऊब — चंद्रपूरची आहे मी, अजून