पाच हजार मैलांपर्यंत साधंच ऑइल

३ सप्टेंबर १९९६, मंगळवार

घेतली! नवी कोरी पिकअप. मीटरवर फक्त अकरा मैल. सत्तावन्न वर्षांची झाले आणि पहिल्यांदाच अशी गाडी, जिच्यात माझ्याआधी कुणी शिंकलंसुद्धा नाही!

नवऱ्याची, रुडीची, जुनी गाडी शुक्रवारी मी टपाल वाटत असताना रस्त्यातच बसली. उरलेल्या पेट्यांतलं टपाल शेजारीण हिल्याच्या नवऱ्याच्या ट्रॅक्टरवर बसून टाकलं. लोक हसत होते, मीही हसले. घरी येऊन मात्र रडले. रुडीला जाऊन सतरा महिने झाले, पण त्याची गाडी रोज ब्याऐंशी मैल चालत होती. आता तीही नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

पोस्टमास्तर लाइल. त्याला विचारा वा न विचारा, मत तयार. "आर्डिस, आजच सिंथेटिक ऑइल घाल. दर पेटीला थांबायचं, परत निघायचं — इंजिनाची वाट लागते. वर आपली थंडी!"

विकणारा म्हणाला होता, काही घाई नाही. गाडीसोबतचं पुस्तक म्हणतं, कुठलंही चालेल. तिघांची तीन मतं. रुडी असता तर मी हे काही ऐकलंच नसतं. किल्ली त्याच्याकडे टाकली असती नि ब्रेड भाजायला लागले असते.

८ सप्टेंबर, रविवार

दुपारी दारात पप्पा!

रुडीचे वडील. रुडी गेला तरी माझे ते पप्पाच. रस्त्याने चार मैलांवर राहतात, त्यांचं टपाल मीच टाकते, आणि तरी सतरा महिन्यांत एकमेकांच्या घरात पाऊल नाही. भांडण नव्हतं काही. आम्ही दोघं एका टेबलाशी बसलो की तिसऱ्या खुर्चीकडे बघायचो, एवढंच. मग बसणंच सोडलं.

कसं चाललंय नाही, बरी आहेस का नाही. दारातूनच — "आत ऑइल कुठलंय?"

"आलं तेच, साधं. लाइल म्हणतो सिंथेटिक—"

"लाइलला तिकिटं चिकटवू दे!" आणि टोपी काढून आत आले. बसले. रुडीच्याच खुर्चीत. मी कॉफी ठेवली.

एक्केचाळीस वर्षं खाणीतल्या ट्रकांची इंजिनं उघडली-जोडली त्यांनी. म्हणाले, "नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर एकमेकांत नीट बसायचे असतात. थोडं घासलं जायला हवं. सिंथेटिक फार निसरडं, आत्ताच घातलंस तर ते नीट बसायचेच नाहीत. हजार मैलांना ऑइल बदल — साधंच. तीन हजारांना परत साधं. पाच हजारांना सिंथेटिक. नोव्हेंबर येईल तोवर, थंडीच्या तोंडावर. मी करतो."

"पुस्तकात तर असं काही नाही."

"पुस्तक लिहिणारा जानेवारीत इथे राहतो का?"

जाताना काय केलं — जॅमच्या दोन बरण्यांत सोबत आणलेली दोन्ही ऑइलं ओतून माझ्या फ्रीजरमध्ये ठेवली. मटारांच्या शेजारी! "उद्या बघ."

९ सप्टेंबर

बघितलं. साधं ऑइल लापशीसारखं, बरणी आडवी केली तरी हलायला तयार नाही. सिंथेटिक मुकाट्याने वाहिलं.

संध्याकाळी फोन. "बघितलंस?" आवाजात शाळेतल्या पोरासारखा आनंद.

२२ सप्टेंबर, रविवार

हजार झाले. पहिला बदल त्यांच्या गॅरेजमध्ये. जुनं ऑइल बोटांत घेऊन उन्हात धरलं, बारीक चकचकीत कण. मी घाबरले. "घाबरतेस काय? नवं इंजिन आहे, अंगचा कीस टाकतंय. तीन हजारांना कमी दिसेल, पाचला दिसणारच नाही. तेव्हा समजायचं, बसलं."

मग म्हणाले, "बोटांना कण लागत नाहीत हल्ली. डोळ्यांनीच बघायचं." हात चोळत होते. मी म्हटलं, थंडी. त्यांनी मान हलवली.

१ ऑक्टोबर

रोज संध्याकाळी सहाला फोन. "किती झाले?" मी आकडा सांगते. ते "बरं" म्हणतात आणि ठेवतात. मी पावणेसहापासून फोनजवळ घुटमळते, हे त्यांना कुठे माहीत!

८ ऑक्टोबर

आज सहाला फोन. सव्वासहाला परत फोन. "किती झाले?"

मी परत सांगितलं. जणू पहिल्यांदाच.

२० ऑक्टोबर, रविवार

लिहू की नको, असं झालंय.

तीन हजारांचा बदल. मी आत त्यांच्या स्वयंपाकघरात कॉफी करत होते. (फ्रीजमध्ये लोणी, ब्रेड, बाकी काही नाही. ओरडायला हवं.) परत आले तर ते चिंधीला हात पुसत होते. "झालं. चालू कर."

मी बसले. किल्ली लावली. फिरवणार तेवढ्यात नजर फळीवर गेली. पाच बाटल्या. ओळीने. पाचही सीलबंद.

जुनं काढलं, फिल्टर बदलला, खालचा बोल्ट आवळला — आणि नवं ऑइल घातलंच नव्हतं.

फिरवली असती किल्ली, तर कोरडं इंजिन जळलं असतं. पण इंजिनाचं सुचलंच नाही मला तेव्हा. ते समोर उभे होते, ताठ, हनुवटी वर, कान लावून. चालू होण्याची वाट बघत.

"पप्पा, हात धुऊन या आधी. कॉफी निवतेय."

ते आत गेल्यावर पाचही बाटल्या भराभर ओतल्या. अर्धा कप तरी बाहेर सांडलं असेल. पट्टी काढून पातळी बघितली. चालू केली. खिडकीतून त्यांनी अंगठा दाखवला.

मीही दाखवला.

२१ ऑक्टोबर

एक्केचाळीस वर्षं. घराएवढ्या चाकांचे ट्रक. कुणाला सांगू?

२४ ऑक्टोबर

तीन दिवस सहाचा फोन नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

टपाल संपवून तडक त्यांच्याकडे. दिवा न लावता टेबलाशी बसले होते. समोर पाच रिकाम्या बाटल्या. मी कचऱ्याच्या पिंपात टाकलेल्या.

"आर्डिस. यांची झाकणं मी उघडली नाहीत."

मी दिवा लावला.

"तू घातलंस."

"हो."

"आणि बोलली नाहीस."

"काय बोलायचं होतं, पप्पा?"

बराच वेळ ते बाटलीवरचं लेबल नखाने खरवडत होते. मग बोट दाखवलं. शेगडीवर चिठ्ठी — 'बंद केली?' दारावर चिठ्ठी — 'किल्ली.' फोनशेजारी कागद. त्यावर माझ्या गाडीचे आकडे, तारखेसकट. फोन केल्याची आठवण राहावी म्हणून लिहीत होते.

"वसंतापासून चाललंय. आईचं असंच झालं होतं माझ्या. शेवटी ती मला दूधवाला समजायची." मग एकदम कोरड्या आवाजात, "व्हर्जिनिया गावात वृद्धांचं ते घर आहे ना, तिथे नाव घातलंय. जानेवारीत खोली मिळेल म्हणतात. आणि पाच हजारांचं काम तू दुकानात करून घे. मला हात लावू देऊ नकोस."

"डॉक्टरला दाखवलंत?"

"डॉक्टर काय सांगणार? जे मला ठाऊक आहे तेच."

रागाने घरी आले. कुणावर राग, ते कळत नाही. सतरा-अठरा महिने मी चार मैलांवर होते. त्यांच्या पेटीत टपाल टाकून पुढे जात होते!

२ नोव्हेंबर, शनिवार

आज भांडले. मटणाचं कालवण घेऊन गेले आणि भांडले.

"तुम्ही डॉक्टरकडे येत नाही तोवर मी सिंथेटिक घालणार नाही."

"घालू नकोस."

"साधं ऑइल ठेवून अख्खा जानेवारी काढीन. उणे चाळीसमध्ये."

"इंजिन मारशील, बाई!"

"मारीन."

तोंडातला घास तसाच. माझ्याकडे बघत राहिले, मी कुत्र्याला लाथ मारली असावी तसे.

मग मला सुचलं. "खाणीतल्या ट्रकांचं ऑइल प्रयोगशाळेत पाठवायचात ना तुम्ही? दर महिन्याला, बाटलीत भरून?"

"पाठवायचोच. आत काय झिजतंय ते उघडायच्या आधी कळतं."

"आणि नुसत्या आवाजावरून कुणी म्हणाला, हे इंजिन गेलं, भंगारात काढा — तर?"

"त्याला मी हाकलला असता."

ते थांबले. चमचा खाली ठेवला.

"मी ट्रक नाही, आर्डिस."

"ट्रक असता तर केव्हाच नमुना पाठवला असता तुम्ही."

चमचा परत उचलून, कालवणाकडे बघत — "मीठ कमी आहे." आणि मग, "केव्हा जायचं?"

११ नोव्हेंबर, सोमवार

टपालाला सुट्टी, म्हणून आजचीच वेळ घेतली होती. डॉक्टरीण तरुण, केस आखूड, बोलणं हळू. पप्पांनी दाढी केली होती, चर्चचा कोट घातला होता.

महिना विचारला. "ऑक्टोबर," ते म्हणाले. मी खाली बघितलं. तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी विचारले. एकच आठवला. त्यांचे कान लाल झाले. मला वाटलं, का आणलं मी यांना इथे? घरी तरी ते स्वतःचे मालक होते.

मग तिने बोटांचं विचारलं. पायांचं विचारलं. डोळे मिटून उभं राहायला सांगितलं — डोललेच! मी धरलं. जीभ बघितली. जेवता काय, म्हणाली.

"टोस्ट. कॉफी."

"केव्हापासून?"

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. "मुलगा गेला तेव्हापासून."

ती बराच वेळ लिहीत राहिली. रक्त काढलं, चार नळ्या. काय वाटतं तुम्हाला, मी विचारलं, तर म्हणाली, "आधी रिपोर्ट येऊ देत. आत्ता काही बोलत नाही."

परतताना पप्पा मीटरकडे बघत होते. "चार हजार तीनशे. अजून आहे वेळ." आणि मग, "चार नळ्या! ट्रकला एक पुरायची."

१५ नोव्हेंबर

आता रोज जेवायला इथेच. मी आणते, मी सोडते. लाइल म्हणाला, "तुझी गाडी टॅक्सी झाली की!" म्हटलं, झाली.

१८ नोव्हेंबर

वृद्धघरातून पत्र आलं त्यांच्या नावाने. मीच टाकायचं त्यांच्या पेटीत. टाकलं. टपाल ते टपाल. पण हात जड झाला.

२४ नोव्हेंबर, रविवार

पाच हजार झाले. बाहेर उणे सात, गॅरेजात शेगडी.

ते म्हणाले, "माझा शब्द लक्षात आहे. मी हात लावणार नाही."

"मग सांगा. मी लावते."

ते स्टुलावर, मी पाठीवर गाडीखाली, केसांना टोपी. "आधी इंजिन कोमट आहे ना बघ. आता बोल्ट डावीकडे फिरव. डावीकडे! तुझं डावं." ऑइल थेट बाहीत गेलं. ते हसले. मोठ्याने, पोटातून. दीड वर्षात ऐकलं नव्हतं ते हसणं. मीही गाडीखाली पडल्या पडल्या हसत सुटले.

जुनं ऑइल त्यांच्या तळहातावर ओतलं, खिडकीशी नेलं. एकही कण नाही. "बसलं," एवढंच म्हणाले.

नवं घालताना प्रत्येक बाटली मी मोठ्याने मोजली. त्यांनी सांगितलं नव्हतं. पाचवीला त्यांचा आवाज माझ्यासोबत आला.

मग, कुणी विचारलं नसताना — "रुडीला मी कधी हात लावू दिला नाही. बारा वर्षांचा होता, पाना घेऊन यायचा. मी म्हणायचो, सरक, तुला जमायचं नाही. म्हणून तो टपालात गेला बहुतेक."

"तो टपालात मला भेटला, पप्पा."

"हो? ... हो. तेही खरंच."

चालू केली. दोघं कान लावून उभे राहिलो. सुरेख, सायीसारखा आवाज. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, बधिर बोटांचा, आणि बराच वेळ काढला नाही.

"जानेवारीत ही एका फटक्यात चालू होईल," म्हणाले. "मी नसलो इथे तरी."

मी चिंधी घेतली. बाही पुसत राहिले.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी पत्रं लावत असताना लाइलने हाक मारली — क्लिनिकचा फोन. डॉक्टरीण म्हणाली, "त्यांच्या आईचा आजार दिसत नाही. शरीरात बी-बारा जीवनसत्त्व जवळजवळ नाहीच. पोट ते घेतच नाही, वर खाणं असं. इंजेक्शनं सुरू करू, पुढे जन्मभर. बोटांचं किती भरून येईल सांगवत नाही. पण स्मरणशक्ती — ती बहुतेक परत येईल ताळ्यावर." मी तिला परत म्हणायला लावलं. लाइल म्हणाला, जा, पत्रं मी लावतो.

पप्पा अंगणात बर्फ ओढत होते. सांगितलं. त्यांनी फावडं टेकवलं.

"परत सांग."

मी फावड्यावरचा त्यांचा हात धरला. "विसरलात?"

"नाही गं, पोरी. ऐकायला बरं वाटतंय."